तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पाऊस होऊनही पाइनचा शेंडा आखूड का?

"एवढा पाऊस झाला, हवा छान होती, तरी शेंडा एवढुसाच?" दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मी सांगायला लागलो की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हा काहीतरी सारवासारव करतोय' असे भाव येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

स्कॉट्स पाइन, रेड पाइन, ईस्टर्न व्हाइट पाइन यांचा शेंडा साधारणपणे वर्षातून एकदाच फुटतो, आणि तो किती सामान घेऊन फुटणार हे गेल्या वर्षीच ठरलेलं असतं. हिवाळ्यात शेंड्यावरची कळी ब्लेडने उभी कापून भिंगाखाली धरा. राळेने बोटं चिकट होतात ते सोडा, पण आत इवलासा हिरवट दांडा दिसतो, त्याला चिकटून खवल्यांच्या ओळी, आणि खवल्यांच्या बेचक्यांत सुयांच्या, म्हणजे पाइनच्या सुईसारख्या पानांच्या, जुड्यांचे ठिपके. वसंतात हेच सगळं ताणून लांब होतं, बस. जुलैत हवा मस्त असते तेव्हा उंची वाढणं जवळपास आटोपलेलं असतं, झाड पुढच्या वर्षीची कळी भरायला लागलेलं असतं. फिनलंडच्या उत्तरेकडे तर गेला जुलै उबदार होता का यावर यंदाची उंची बरीचशी अवलंबून असते, आणि खोडाची जाडी मात्र यंदाच्या जुलैवर. एकाच झाडाचे दोन हिशोब, एक वर्ष पुढेमागे.

आता तो प्रसंग, जो मला अजून टोचतो. एका लागवडीत आदल्या वर्षी ऑगस्ट पार कोरडा गेला होता. मालकाने वसंत येताच ड्रिप फुल सोडलं. मी म्हटलं होतं, पाणी द्या, झाडाला हवंच आहे, पण यंदा उंचीची आशा धरू नका. ऐकतंय कोण. जूनअखेर शेंडे नेहमीच्या निम्मे, आणि साहेब चारचौघांत म्हणाले, "पाणी आम्ही दिलं, वाढ तुम्ही खाल्लीत." मी काही न बोलता एक शेंडा वाकवून सुयांच्या जोड्या मोजायला लागलो. कोणीतरी म्हणालं, "झाड वाढेना आणि हा सुया मोजतोय!" सगळे हसले. हसा, पण उत्तर तिथेच होतं ना! जोड्यांमधलं अंतर नेहमीसारखंच होतं, जोड्याच कमी होत्या. म्हणजे ताणायला पाणी पुरलं, कळीतच माल कमी भरला होता. यंदाच्या कोरडीने शेंडा आखूड राहिला असता तर सुया दाटीवाटीने बसल्या असत्या. त्या वर्षी ड्रिप ऑगस्टभर चालू राहिलं, पुढच्या वर्षी शेंडे सपासप वर गेले, आणि श्रेय कोणाला मिळालं? नवीन खताला.

बरं, पूर्वी मी ठासून सांगायचो की सगळं गेल्या वर्षीचंच. आता तेवढं ठासून नाही सांगत. मे महिन्यात जमीन भेगाळली तर भरलेली कळीसुद्धा आखूड ताणली जाते, कोवळा शेंडा उशिराच्या हिमतुषाराने मेला तर सगळाच खेळ बदलतो, मग बाजूची फांदी वर चढते. आणि लॉबलॉली पाइन तर एका मोसमात दोन-तीनदा किंवा जास्त वेळाही फुटतो, त्यातली पहिली फूट गेल्या वर्षीच्या कळीतली, नंतरच्या यंदाच्या, त्यामुळे तिथे यंदाचा पाऊस चांगलाच बोलतो. कॅरिबियन पाइनला कोरडा ऋतूच मिळाला नाही तर काही झाडं थांबतच नाहीत, फांदीबिंदी न काढता सरळ वर, कोल्ह्याच्या शेपटीसारखी. माझ्यातला जुना मी म्हणतो, हे अपवाद आहेत. मी म्हणतो, ज्याच्या रानात लॉबलॉली आहे त्याला जाऊन सांग अपवाद म्हणून. हे भांडण अजून चालूच आहे.

म्हणून पुढच्या वेळी विचाराल तेव्हा पाइन कोणता आणि गेल्या ऑगस्टमधे पाणी होतं का, एवढं आधी सांगा. आणि फोटो पाठवाल तर सुया मोजता येतील असा जवळून काढा, लांबून आख्ख्या झाडाचा नको.