नव्या फोनातला रफार

नवा फोन खोक्यातून निघाला की पहिला अर्धा तास सगळे त्याची पाठ बघतात. चकाकी, रंग, कॅमेऱ्याची वर्तुळं. खरा फरक पुढच्या बाजूला असतो, तोही बारीक अक्षरात. जुना आणि नवा फोन शेजारी ठेवून दोन्हीवर एकच मराठी बातमी उघडावी आणि 'सर्वार्थाने' किंवा 'वैशिष्ट्यपूर्ण' असा एखादा शब्द शोधावा. जुन्यावर रफार कोयत्यासारखा वळलेला दिसतो. नव्यावर तो जरा फुगलेला, कडेला लोकर आल्यासारखा.

जोडी ठरवूनच घेऊ. शाओमी कंपनीचेच दोन फोन: जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ४ आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेला रेडमी १३सी ५जी. नोट ४ चं ३ जीबी रॅमचं मॉडेल १०,९९९ रुपयांना निघालं होतं, १३सी ५जी चं ४ जीबीचं मॉडेलही १०,९९९ रुपयांनाच. मधल्या सात वर्षांत तेल, डाळ, रिक्षा सगळं चढलं आणि फोन तिथेच राहिला. मग कंपनीने काटकसर कुठे केली, याचा माग काढायला ही जोडी फार सोयीची आहे.

सगळ्यात मोठी काटकसर पडद्यात आहे. नोट ४ चा पडदा ५.५ इंची, १०८० बाय १९२० ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. १३सी ५जी चा ६.७४ इंची, पण ७२० बाय १६०० ठिपक्यांचा. म्हणजे पडदा मोठा झाला आणि ठिपके वीस लाखांवरून साडेअकरा लाखांवर आले. इंचात जुन्याचे ४०१ ठिपके बसतात, नव्याचे २६०. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला जुना फोन एकतीस ठिपके देतो, नवा वीस. इंग्रजी 'o' ला वीस ठिपके पुष्कळ झाले. 'ष्ट्य' मध्ये तेवढ्याच जागेत ष, ट आणि य यांची दाटी होते, वर वेलांटी, शेजारी अनुस्वार. 'द्ध' आणि 'द्व' नजर टाकताच वेगळे ओळखू येत नाहीत ते यामुळेच. चष्म्याचा नंबर वाढला असं वाटून डॉक्टर गाठण्याआधी सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार एक घर वाढवून बघावा. अक्षरं जाड करण्याची सोय मात्र मराठीसाठी घातकच. जोडाक्षरांतली पोकळी भरून जाते आणि उरतो शाईचा डाग.

'पडदा मोठा' यातही गंमत आहे. इंच तिरके मोजतात. जुना पडदा १६:९ होता, नवा २०:९. गणित केलं तर जुन्याची रुंदी ६.८५ सेंटिमीटर येते आणि नव्याची सुमारे ७.०३. सव्वा इंच वाढल्याच्या जाहिरातीतून रुंदीच्या वाट्याला दोन मिलिमीटरही आले नाहीत. वाढली ती उंची, जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरने. म्हणून नव्या फोनवर ओळ तेवढीच लांब राहते, फक्त ओळी जास्त दिसतात. सातबाराचा उतारा उघडला तर तो पूर्वीइतकाच चिमटीने मोठा करावा लागतो. अंगठा मात्र वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. बसमध्ये एका हाताने दांडा धरलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दिवशी कळतो. त्यावर एका हाताने वापरण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती सुरू केली की पडदा खाली ओढता येतो.

आता नव्याच्या बाजूने बोलू, कारण त्याची बाजू भक्कम आहे. नोट ४ मधल्या स्नॅपड्रॅगन ६२५ या प्रोसेसरचे आठही गाभे, म्हणजे काम ओढणारे कोअर, एकाच जातीचे होते, कॉर्टेक्स ए५३. बैलजोडी आठ बैलांची, पण घोडा एकही नाही. १३सी ५जी च्या डायमेन्सिटी ६१००+ मध्ये सहा साधे गाभे आणि दोन ताकदीचे ए७६ आहेत. ॲप उघडताना जी ओढ लागते ती हे दोघे घेतात. त्याहून मोठा फरक साठवणीत आहे. जुन्यात ईएमएमसी जातीची साठवण होती, नव्यात यूएफएस २.२ जातीची. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते. गॅलरीत हजारो 'सुप्रभात' साठलेला जुना फोन अडखळतो तो बऱ्याचदा म्हाताऱ्या प्रोसेसरमुळे नव्हे, तर भरलेल्या साठवणीमुळे. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी केली तर तोच फोन काही महिने निमूट चालतो. हे फोन विकत घेण्याआधी करून बघण्यासारखं आहे.

दुकानात '८ जीबी' ऐकलं की कंसात ४+४ लिहिलंय का ते पाहावं. दुसरे चार म्हणजे साठवणीतला तुकडा रॅमच्या नावाने उसना घेतलेला. घरातल्या ओट्यावर जागा नाही म्हणून भांडी माळ्यावर ठेवावीत तसं. मावतात खरी, पण दर वेळी शिडी लावावी लागते. कॅमेऱ्याच्या ५० मेगापिक्सेलचंही तसंच. नेहमीच्या फोटोत चार ठिपक्यांचा एक होतो आणि फोटो निघतो साडेबारा मेगापिक्सेलचा. जुना होता तेराचा! अंधारात नवा उजवा ठरतो, पण तो ठिपक्यांच्या एकत्रीकरणामुळे आणि मोठ्या छिद्राच्या भिंगामुळे, पन्नासच्या आकड्यामुळे नाही.

काही गोष्टी यादीत छापतच नाहीत, म्हणून त्या गेल्याचं उशिरा कळतं. मेसेज आला की लुकलुकणारा छोटा दिवा गेला. बोटाचा ठसा ओळखणारा पाठीवरचा सेन्सर आता कडेच्या बटणात आला. पाठीवर तर्जनी आपसूक टेकायची. कडेच्या अरुंद पट्टीवर अंगठ्याचा जेमतेम एक काप बसतो. भांडी घासून, माती हाताळून रेषा झिजलेल्या बोटांना हे फार जाचतं. उपाय सोपा आहे. हात धुऊन कोरडे करावेत आणि तोच अंगठा दोनदा नोंदवावा, एकदा सरळ आणि एकदा फोन प्रत्यक्ष धरतो त्या तिरकेपणाने. फोन कसा फिरला ते ओळखणारा सेन्सर, जायरोस्कोप, तोही या किमतीच्या अनेक फोनांत नसतो. आकाशातले तारे दाखवणारं ॲप मग फोन फिरवला तरी मख्खासारखं बसतं. शाओमीच्या फोनात डायलरवर *#*#६४८४#*#* दाबलं की तपासणीचा पडदा उघडतो. कोणता सेन्सर आहे आणि कोणता नाही ते तिथेच कळतं.

जुन्या फोनमधून बिऱ्हाड हलवताना क्रम चुकला की रखडायला होतं. व्हॉट्सॲपचं चॅट आधी हलवावं, क्यूआर कोड दाखवून, दोन्ही फोन शेजारी ठेवून. ते होईपर्यंत जुन्यातून काही पुसू नये. यूपीआयला ज्या सिमवर बँकेचा नंबर आहे तेच सिम नव्या फोनात लागतं, कारण पडताळणीचा एसएमएस तिथून जातो, आणि सिममध्ये बॅलन्स नसला तर तो जातच नाही. पुन्हा नोंदणी झाल्यावर पहिले चोवीस तास बहुधा पाच हजारांचीच मर्यादा असते. तेव्हा फी भरायच्या किंवा भाडं द्यायच्या दिवशी फोन बदलू नये. शेवटी जुन्यातलं गुगल खातं सेटिंगमधून काढावं आणि मगच फोन कोरा करावा. बटणं दाबून परस्पर कोरा केला तर तो सुरू होताना जुनाच पासवर्ड मागत बसतो, आणि ज्याला दिला त्याच्या तो काही कामाचा राहत नाही.

बरेच लोक मात्र जुना फोन देत नाहीत. खणात टाकायचा तर बॅटरी निम्मी भरून, बंद करून ठेवावी, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा निम्मी करावी. पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलल्यासारखा वाटला, तर चार्जरला हातही लावू नये. नोट ४ ला एक काम अजून हक्काचं आहे. त्याच्या माथ्यावर इन्फ्रारेड आहे. सिम काढलेला, कोरा केलेला, रफार अजून धारदार दाखवणारा तो फोन दिवाणखान्यात टीव्हीशेजारी पडून राहतो, आणि रिमोटचे सेल संपले की सगळे आधी त्याला शोधतात.