नानांचं दुखणं गुडघ्याचं नव्हतं

रविवार, रात्री

नानांची लघवीची नळी काल काढली. आज सकाळी त्यांना आपली आपण लघवी झाली आणि घरानं श्वास सोडला.

मिरजेला दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून असायचो. आजूबाजूला जत, कवठेमहांकाळ, पार अथणीकडून आलेली साठी-सत्तरीची माणसं. बऱ्याच जणांचं एकच, "तुंबली म्हणून आणलं." धार बारीक होऊन, रात्री चार-चारदा उठून वर्षं गेलेली; बोललं कुणी नाही. मुतखडा झाला तर हीच माणसं पारावर सांगतात, किती एमेमचा तेसुद्धा, आणि पानफुटीची पानं कुणाच्या दारात मिळतील विचारत फिरतात. प्रोस्टेटचं, म्हणजे मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी वाढून लघवी अडते त्याचं, बायकोलाही कळू देत नाहीत. डॉक्टर मागून बोट घालून तपासणार याची लाज, आणि ऑपरेशन झालं की पुरुषपण गेलं ही धास्ती.

नानांनी तर सगळं आयुष्यच त्याभोवती बेतलं होतं. एसटीनं सांगलीला यायचं तर सकाळपासून पाणी बंद. लग्नात दाराजवळची खुर्ची. शेवटी वारीही सोडली, गुडघ्याचं कारण सांगून. आणि आम्ही सगळे त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत राहिलो. मग सर्दीची एक गोळी घेतली नि त्याच रात्री लघवी अडली. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे तिथं कळलं. लघवी साचत राहिली तर किडनीवरही दाब येतो.

जीव तुटतो तो यासाठी, की साठीपर्यंत निम्म्याअधिक पुरुषांची ही ग्रंथी वाढू लागलेली असते आणि ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर असला तरी सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुखायची वाट बघण्यात अर्थ नाही. सोनोग्राफी करून लघवीनंतर किती उरते ते बघतात, गरज वाटली तर पीएसए, ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. टॅमसुलोसिन या औषधानं पुष्कळांना काही दिवसांतच उतार पडतो. ऑपरेशन लागलंच तर बहुतेकदा दुर्बिणीतून होतं. त्यानंतर बऱ्याचदा वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, पण ताठरता बहुतेकांची टिकते. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं तेव्हा नाना पहिल्यांदा मान वर करून बोलले.

कऱ्हाडचे मामाही हल्ली प्रवासात पाणी पीत नाहीत. उद्या फोन करून सरळ विचारणार आहे, रात्री किती वेळा उठता? आत्याला नको, त्यांनाच.