वर्षभराचे अर्पण आधी लिहून का द्यायचे?

आमच्या चर्चमध्ये वर्षभराचे अर्पण आधी लिहून का देतात, हे तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्च महिना आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, संकल्पपत्रे वाटली जातात. एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षात आपले कुटुंब मंडळीला साधारण किती अर्पण देईल, हे त्या कागदावर लिहून तो बंद पाकिटात खजिनदारांकडे द्यायचा असतो. तरुण मुले त्याला प्लेज कार्ड म्हणतात. हिशेबाचे काम मी अनेक वर्षे पाहिले असल्यामुळे त्या सुमारास कोणी ना कोणी मला हमखास विचारते, "बाई, देवाला द्यायचे ते दर रविवारी मनाला येईल तसे द्यावे. आधी लिहून कशाला द्यायचे? उद्याचे कोणी पाहिले आहे?" विचारणाऱ्यांत नुकतीच नोकरीला लागलेली मुले असतात, शिरोळ-हातकणंगल्याकडचे ऊस पिकवणारे नातेवाईक असतात आणि शेजारच्या हिंदू मैत्रिणीही असतात.

देवाला आपला आकडा कळवण्यासाठी कागदाची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. कागद लागतो तो मंडळीला. मंडळीने वर्षाच्या सुरुवातीलाच काही माणसांना शब्द दिलेला असतो आणि रविवारच्या उपासनेत फिरणाऱ्या अर्पणाच्या थैलीत काय पडेल यावर भिस्त ठेवून तो पाळता येत नाही. पाळकसाहेबांचे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचे, वेतन आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी दर महिन्याला द्यावा लागतो. चर्चची झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या माणसाचा पगार, विजेचे बिल, दफनभूमीची निगा, संडेस्कूलच्या मुलांची पुस्तके, मध्यवर्ती निधीत भरायचा वाटा या सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. अर्पणाला मात्र तारीख नसते. नाताळात, पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) आणि कापणीच्या सणाला थैल्या भरून येतात. जून-जुलैत शाळांच्या फिया, वह्या-पुस्तके, पेरणी आणि पाऊस यांमुळे त्या हलक्या होतात. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. छपराची कौले चाळायची तर ती एप्रिल-मेमध्येच चाळावी लागतात. डिसेंबरात जमणाऱ्या पैशांचा मेमधल्या गवंड्याला काय उपयोग? पण तो पैसा येणार आहे हे मार्चमध्येच साधारण कळले असेल, तर कमिटी गंगाजळीतून खर्च करायचे धाडस करते आणि कौले वेळेवर चाळली जातात. 2019 आणि 2021 या वर्षी पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा घर सोडून आलेल्या कुटुंबांना ताबडतोब काही देता यावे म्हणूनही हाताशी मोजलेला पैसा असावा लागतो. अशा दिवसांत रविवारची उपासनाच भरत नाही, मग थैली कोठून फिरणार?

याला एक जुने कारणही आहे आणि ते आम्ही कोल्हापूरकर ख्रिस्ती फारसे बोलून दाखवत नाही. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. मधली काही वर्षे त्यांनी कोणत्याही मिशन बोर्डाच्या आधाराविना, मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांवर काम चालवले आणि 1870 च्या सुमारास हे कार्य अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशन बोर्डाकडे गेले. त्यानंतर कित्येक दशके शाळा, दवाखाने आणि चर्च यांच्या खर्चाचा मोठा भार समुद्रापलीकडच्या लोकांनी उचलला. त्या लोकांत सगळेच श्रीमंत नव्हते. आपल्या मंडळीत वर्षाचा आकडा लिहून देऊन आठवड्याच्या पाकिटातून तो फेडणारी साधी माणसेही त्यांत होती. ते मिशनरी गेले आणि तो पैसाही गेला. परदेशी देणग्यांवर 1976 पासून कायद्याचे नियंत्रण आहे, 2010 च्या कायद्याने ते अधिक कडक झाले, आणि माझ्या मते त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. ज्या इमारतीत आपले बाप्तिस्मे आणि लग्ने होतात, तिची कौले आपणच चाळायची. तरीही आमच्या जुन्या पिढीतल्या काहींना अजून वाटते की चर्च कोणीतरी चालवतच असते. रविवारी दहा रुपयांची नोट टाकून घरी जाणाऱ्याला विजेच्या बिलाचा आकडा विचारून पाहा.

आता शास्त्रातला आक्षेप घेऊ, कारण तो खरोखर वजनदार आहे. उद्या अमुक करू असे म्हणणाऱ्यांना याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात समज दिली आहे : उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा प्रभूची इच्छा असेल तर करू, असे म्हणा. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात त्याहून कडक शब्द आहेत : नवस करून तो न फेडण्यापेक्षा मुळात नवस न करणे बरे. ही वचने पुढे करणाऱ्यांना मी कधीच हसण्यावारी नेत नाही. पण मग करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेली पत्रेही वाचली पाहिजेत. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी निधी जमवायचा होता. पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ होणार नाही. दुसऱ्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायांत तर आमच्या संकल्पपत्राचीच गोष्ट आहे. करिंथकरांनी एक वर्षापूर्वी तयारी दाखवली होती, पौलाने त्यांच्या उत्साहाचे मासेदोनियात कौतुकही केले होते आणि आता तो म्हणतो की कबूल केलेले पुरे करा. त्याच ओघात तो हेही सांगतो की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. याकोबाची समज सोडलेली नाही आणि वचनही दिलेले आहे, असे दोन्ही त्या एका वाक्यात जुळते, असे मला वाटते. म्हणून आमच्या कागदाच्या तळाशी 'प्रभूची इच्छा असल्यास' असे छापलेले असते. नोकरी गेली, घरात आजारपण आले, तर खजिनदारांना तसे कळवायचे. आकडा त्याच दिवशी खाली येतो आणि बाकी म्हणून पुढच्या वर्षाच्या माथी मारली जात नाही. नवस आणि हा कागद यांत मला दिसणारा फरक तोच आहे.

शेतकरी नातेवाइकांची अडचण वेगळी असते आणि मला ती तरुणांच्या शंकेपेक्षा अधिक खरी वाटते. नोकरदाराला महिन्याचा आकडा ठाऊक असतो. महिना 500 रुपये द्यायचे ठरवले तर वर्षाचे 6,000 होतात, विषय संपला. उसाच्या बिलाचे तसे नसते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत ते मिळायला हवे, पण ते नेमके कधी जमा होईल याची खात्री कोणी देत नाही, आणि जमा होते तेव्हा सेवा सोसायटीचे पीककर्ज आधीच कापलेले असते. मग दशमांश, म्हणजे देवासाठी उत्पन्नाचा दहावा भाग, काढायचा तो बिलाच्या एकूण रकमेवर, की खत, पाणी, तोडणी आणि सोसायटी वजा जाता हातात उरलेल्यावर? यावर दोन पाळक दोन उत्तरे देतील. माझे मत असे आहे की शेतकऱ्याने टक्क्याच्या भानगडीत न पडता दोन भाग करावेत : दुधाच्या बिलातून नियमित येणारी छोटी रक्कम संकल्पपत्रावर लिहावी आणि उसाच्या बिलातले जे द्यायचे ते कापणीच्या सणाला, न लिहिता, मोकळ्या हाताने द्यावे. ज्यांच्याकडे बिलच येत नाही त्यांचे काय, असे कोणी विचारले तर मी मिझोरामकडे बोट दाखवते. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांतल्या बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळा काढत आल्या आहेत.

शेजारच्या मैत्रिणींना वाटते की हे तालीम मंडळाच्या वर्गणीसारखेच असावे. पावतीपुस्तक घेऊन चार पोरे दारात उभी राहतात आणि शेजाऱ्याचा आकडा वाचून आपला ठरतो. चर्चमध्ये असा दबाव अजिबात नसतो, असे मी म्हणणार नाही. काही मंडळ्यांच्या वार्षिक अहवालात नावापुढे रक्कम छापण्याची जुनी चाल आहे आणि ती मला पटत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असे प्रभूने सांगितले असताना आपण ते छापून घरोघर वाटतो. हिशेब उघडा असावा, यात शंकाच नाही. पौलानेही कोणी बोट दाखवू नये म्हणून तीताबरोबर आणखी दोघांना त्या निधीच्या कामी पाठवले होते. आज आपल्याकडे नोंदणीकृत न्यासाला हिशेब तपासून घेऊन ते धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात. पण जमा-खर्च उघडा असणे वेगळे आणि शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन नाण्यांपुढे तिचे नाव छापणे वेगळे. करसवलतीबद्दलही विचारणा होते. आयकरातली देणगीची सवलत एकाच धर्मसमुदायाच्या हितासाठी असलेल्या संस्थांना सामान्यतः मिळत नाही, तेव्हा ती आशा धरून आकडा वाढवू नका.

तेव्हा कागद घ्या, घरात बसून दोघांनी मिळून भरा आणि सहज झेपेल त्यापेक्षा किंचित कमीच लिहा. वर्षअखेरीस जास्त देता आले तर कोणी अडवत नाही, पण फुगवून लिहिलेल्या आकड्यावर कमिटी खर्च करून बसते आणि मग ऐन पावसाळ्यात खजिनदाराची त्रेधा उडते. पाकीट झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, पोहोचवा. अहवालातून नावांपुढच्या रकमा काढाव्यात, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे; अनुमोदन द्यायची तयारी असेल तर आधी सांगा.