दहा मिनिटं पुढे

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काल दुपारी संपला. नवा घातला आणि हाताने आपसूक काटा दहा मिनिटं पुढे नेऊन ठेवला. तुमच्याही घरात असं एखादं असेलच. आई ओरडायची, ‘सव्वानऊ झाले, डबा घे!’ आणि आम्ही मनातल्या मनात दहा वजा करून निवांत बुटाच्या नाड्या बांधायचो. फसायचं कुणीच नाही, आणि उशीर व्हायचा तो व्हायचाच.

आजोबांना हा चावटपणा खपायचा नाही. गिरणीतला माणूस; भोंगा झाला म्हणजे झाला. वर कुणी वेळ सांगितली की विचारणार, ‘स्टँडर्ड की मुंबई टाइम?’ मुंबईने १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ जपली होती ना!

इंग्लंडात ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवर, म्हणजे जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवर, दोन मिनिटकाट्यांचं घड्याळ आहे. एक काटा लंडनचा, दुसरा ब्रिस्टलचा, आणि मधे बरोब्बर आपली ती दहा मिनिटं. ब्रिस्टल पश्चिमेला, तिथे सूर्यच तेवढ्या उशिरा डोक्यावर येतो. त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. मग रेल्वे आली, आणि १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्नने आपल्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. गावानेही १८५२ मध्ये हात टेकले.

माणसांना घड्याळाला जुंपणं गिरण्यांनी तर आधीच सुरू केलं होतं. घरच्या मागावर विणणारा माणूस सोमवारी खुशाल दांडी मारायचा. त्या दांडीला ‘सेंट मंडे’ म्हणत. दांडीला संतपद देणारे लोक मला फार आवडतात. रिचर्ड आर्कराइट या कारखानदाराने १७७१ मध्ये इंग्लंडातल्याच क्रॉमफर्ड गावी पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली, तिथे रात्रपाळीही आली, आणि हे संत हळूहळू अंतर्धान पावले. पहाटे लांब बांबूने खिडकी ठोठावून उठवणारी माणसं आठवड्याला चार पैसे घेऊन फिरू लागली. काही मालक सकाळी घड्याळ पुढे करतात आणि संध्याकाळी मागे, अशी कामगारांची तक्रार असे. आईचाच उद्योग, पण इथे वजाबाकीची सोय नाही. उशीर झाला की मजुरी कापली.

पोरांचं तर वयच मोजायला काही नव्हतं. नऊ वर्षांखालच्यांना सूतगिरणीत घेऊ नये, तेरापर्यंत दिवसाला नऊच तास, असा कायदा १८३३ मध्ये झाला; पण इंग्लंडात जन्माची सरकारी नोंदच १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर आईबाप सांगतील ते वय, नाहीतर डॉक्टरचा अंदाज. एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने मग हजारभर मुलांची तोंडं उघडून पाहिली आणि संसदेला कळवलं की उंचीवर जाऊ नका, दात बघा. आपल्याकडे बैल घेताना बघतात तसे.

१८४४ मध्ये नवा कायदा आला. पोरांचे तास कमी झाले, साडेसहावर आले. किमान वयही नऊवरून आठ झालं.