उजवे पुढचे चाक

करोनाच्या वर्षापासून पुढचे काही हंगाम माझी एक आड एक बुधवारची सकाळ अमेरिकेतल्या मंगळवारच्या रात्रीने उजाडत असे. तिकडे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा इकडे गोव्यात, डिचोलीत सकाळचे साडेसहा होतात. त्यामुळे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा आमच्या वळणावर वाजण्याची आणि संगणकाच्या पडद्यावर गाड्यांना हिरवा झेंडा मिळण्याची वेळ बहुधा एकच असे. त्या गाड्या खऱ्या नव्हत्या आणि धावपट्टीही खरी नव्हती. पण गाड्या चालवणारी माणसे खरी होती, आपापल्या घरी स्टिअरिंग धरून बसलेली होती, आणि २०२० च्या हंगामात त्यांच्यातल्या अजिंक्यवीरासाठी एक लाख डॉलर ठेवलेले होते. ई-नॅस्कार कोका-कोला आयरेसिंग मालिका हे त्या स्पर्धेचे त्या काळातले नाव. नॅस्कार म्हणजे अमेरिकेत बहुतेक लंबगोल धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती भरवणारी संस्था, आणि आयरेसिंग म्हणजे घरबसल्या तशा शर्यती करण्याचा संगणकावरचा सिम्युलेटर.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नुसते डावीकडे वळत राहायचे, त्यात एवढे काय आहे? माझ्या काकांनी मात्र हा प्रश्न कधीही विचारला नाही. काकांना इंग्रजी समालोचन कळत नाही आणि संगणकावरील खेळांशी त्यांचा संबंध पत्त्यांच्या पलीकडे गेलेला नाही. पण २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद होईपर्यंत वीस-बावीस वर्षे त्यांनी खनिजाचा टिप्पर चालवला, त्यातली शेवटची काही वर्षे कर्ज काढून घेतलेला स्वतःचा. खाणीपासून जेटीपर्यंतच्या दिवसभरातल्या फेऱ्यांवर मिळकत ठरायची आणि टायर गेला तर ती मिळकत टायरात जायची. एका सकाळी चहाचा पेला हातात घेऊन ते माझ्या खुर्चीमागे दहा मिनिटे उभे राहिले आणि पुढे असलेल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “हा आता मागे पडणार. पुढचे उजवे चाक संपवले याने.” आठ-दहा फेऱ्यांत ती गाडी खरोखरच सहाव्या क्रमांकावर गेली.

बाहेरून साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या या गाड्यांच्या, म्हणजे स्टॉक कारच्या, शर्यतीचे सगळे मर्म त्या उजव्या पुढच्या चाकात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. ओव्हल, म्हणजे लंबगोल धावपट्टीवर गाडी सतत डावीकडे वळते, त्यामुळे तिचा भार सतत उजवीकडे ढकलला जातो आणि दीड टनाच्या या गाडीचे उजवे पुढचे टायर प्रत्येक वळणावर इतरांपेक्षा अधिक घासले जाते. ते तापले की पकड सोडू लागते. स्टिअरिंग वळवलेले असते, पण गाडीचे नाक वर, बाहेरच्या भिंतीच्या दिशेने सरकत जाते. या अवस्थेला तिथले लोक गाडी ‘टाइट’ झाली असे म्हणतात. मागची चाके आधी निसटू लागली तर ती ‘लूज’. गाडीची जुळणीही मुळातच एकांगी केलेली असते. डाव्या आणि उजव्या चाकांचे झुकाव वेगवेगळे असतात आणि सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग सैल सोडले तर गाडी आपण होऊन डावीकडे जाते. नव्या टायरांवर पहिल्या दहा फेऱ्यांत कोणीही वेगवान असतो. चाळिसाव्या फेरीला कोणाची गाडी अजून वळते आहे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या पाच फेऱ्यांत प्रत्येकाने हात किती आवरला यावर ठरते.

नॅस्कार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पिढीतले अनेक चालक गावठी दारूच्या चोरट्या वाहतुकीत तयार झाले होते. बाहेरून साधी दिसणारी, आतून पोलिसांच्या गाडीला मागे टाकणारी मोटार ही त्यांची गरज होती. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या बांदा नाक्यावरून ये-जा करणाऱ्या गोवेकराला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

या खेळाची संगणकावरील आवृत्तीही आज-काल उगवलेली नाही. डेव्ह केमर यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या पपायरस या कंपनीने १९९४ सालीच नॅस्कारच्या शर्यतींचा सिम्युलेटर बाजारात आणला होता. पुढे २००४ मध्ये केमर आणि जॉन हेन्री यांनी मिळून आयरेसिंगची स्थापना केली आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. हे हेन्री म्हणजे बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक. आपल्याकडे फुटबॉलच्या निमित्ताने लिव्हरपूलचे मालक म्हणून त्यांचे नाव अधिक ओळखीचे असेल. प्रत्येक धावपट्टी लेझरने मोजून, तिच्यावरचे उंचवटे, सांधे आणि डांबराचे ठिगळ यांसह संगणकात उतरवायची, ही त्यांची पद्धत. नॅस्कारची अधिकृत मान्यता असलेली विश्वविजेतेपदाची मालिका २०१० पासून सुरू झाली आणि पहिले विजेतेपद रिचर्ड टाउलर या इंग्रज चालकाने नेले, हे अमेरिकी लोकांना थोडे झोंबले असणार. त्यानंतर रे अल्फाला यांनी २०११, २०१२, २०१६ आणि २०१८ अशी चार विजेतेपदे मिळवली. झॅक नोव्हाक, निक ऑटिंगर, कीगन लेही, केसी करवन, स्टीव्हन विल्सन ही २०१९ पासून २०२३ पर्यंतच्या विजेत्यांची नावे. यातले लेही हे कॅनडाचे. ते नॅस्कारचे चालक डेनी हॅमलिन आणि बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या २३-एलेव्हन संघासाठी खेळत होते. म्हणजे खऱ्या शर्यतींतले संघच या आभासी शर्यतींतही चालक नेमतात.

तिथपर्यंत पोहोचण्याची वाट लांब आहे आणि माझ्या मते या खेळाची खरी शिस्त त्या वाटेवरच दिसते. नवा माणूस रूकी म्हणजे नवशिक्याच्या परवान्यावर सुरुवात करतो; पुढे डी, सी, बी, ए असे परवाने चढत जावे लागतात. शर्यतीतले कौशल्य मोजणारा आकडा वेगळा आणि सुरक्षित चालवण्याचा आकडा वेगळा. चाके पट्ट्याबाहेर गेली तर एक दोषगुण, गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली तर चार. आणि चूक कोणाची होती हे यंत्रणा विचारत नाही, धडक बसलेल्या दोघांच्याही खात्यावर चार-चार लिहिले जातात. मी स्वतः खेळू लागलो तेव्हा सुरुवातीला मला हा घोर अन्याय वाटत असे. मागून येऊन कोणीतरी आपल्याला ठोकतो आणि दंड आपणही भरायचा, हा कुठला न्याय? काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि खाणीच्या रस्त्यावर चूक कोणाची हे ठरेपर्यंत दोन्ही गाड्या उभ्याच राहतात, फेऱ्या दोघांच्याही बुडतात, असे शांतपणे सांगितले. त्यानंतर मी बेभरवशाच्या गाडीला वाट देऊ लागलो आणि माझा परवाना वर चढू लागला. व्यावसायिक मालिकेत शिरायचे तर याच्याही पुढे पात्रता फेऱ्या असतात, आणि मालिकेत शिरल्यावरही हंगामाच्या शेवटी तळाला राहिलेल्यांना आपली जागा पुन्हा कमवावी लागते. मी अर्थात त्या उंबरठ्याच्या जवळपासही नाही.

या खेळाकडे जगाचे लक्ष गेले ते २२ मार्च २०२० रोजी. आपल्याकडे तो जनता कर्फ्यूचा रविवार. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, संध्याकाळी थाळ्या वाजल्या, आणि रात्री उशिरा मी नॅस्कारच्या खऱ्या चालकांना घरी बसून आभासी होमस्टेड-मायामी धावपट्टीवर शर्यत करताना पाहिले. खरी शर्यत पुढे ढकलली गेली होती, म्हणून दूरचित्रवाहिनीने ही दाखवली. डेनी हॅमलिन यांनी अखेरच्या फेरीत माजी चालक डेल अर्नहार्ट ज्युनिअर यांना मागे टाकून ती जिंकली, तीही अनवाणी पायांनी पेडल दाबत. पुढच्या रविवारी आभासी टेक्सासमध्ये टिमी हिल जिंकले. नॅस्कारच्या खऱ्या, सर्वोच्च कप मालिकेत त्यांना एकही शर्यत जिंकता आलेली नव्हती, कारण तिथे छोट्या संघाची गाडी मोठ्या संघाच्या गाडीला गाठू शकत नाही. आणि इथे सर्वांची गाडी सारखी होती. एका चालकाच्या आयुष्यातला हा केवढा मोठा निकाल आहे, हे समालोचकांनी जरा हसतखेळत घालवले, असे मला तेव्हाही वाटले होते.

खेळ आभासी असला तरी परिणाम आभासी नव्हते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आभासी ब्रिस्टलवर नॅस्कारचे चालक बबा वॉलेस यांनी चिडून शर्यत अर्ध्यात सोडली आणि एका प्रायोजकाने त्यांची साथ सोडली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्या एका आभासी शर्यतीत नॅस्कारचेच चालक काइल लार्सन यांच्या तोंडून वांशिक अपशब्द गेला. तो सर्वांनी ऐकला, आणि काही दिवसांतच त्यांची खऱ्या संघातली जागा गेली. ते २०२१ मध्ये दुसऱ्या संघातून परतले आणि त्याच वर्षी कप मालिकेचे विजेते झाले. पण घरच्या खुर्चीत बसून बोललेल्या एका शब्दाची ती किंमत मी अजून विसरलेलो नाही. आमच्या मंडळींशी खेळताना माझा माइक बहुधा बंदच असतो.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. विल्यम बायरन यांनी किशोरवयात आयरेसिंगवर शंभराहून अधिक शर्यती जिंकल्या आणि त्यानंतर ते खऱ्या गाडीत बसले. पुढे २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० ही नॅस्कारची सर्वांत मानाची शर्यत त्यांनी जिंकली. शिकागोच्या रस्त्यांवरची शर्यत २०२१ मध्ये आधी संगणकावर झाली आणि खऱ्या रस्त्यांवर २०२३ मध्ये. नॉर्थ विल्क्सबरो ही तर बंद पडून रान माजलेली धावपट्टी. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अर्नहार्ट ज्युनिअर आणि काही मंडळींनी ती झाडून साफ केली, ती केवळ लेझरने मोजता यावी म्हणून. २०२३ मध्ये तिथे पुन्हा नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत झाली.

काकांना मी जे दृश्य दोनदा दाखवले ते मात्र मार्टिन्सव्हिल धावपट्टीवरच्या खऱ्या शर्यतीचे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अखेरच्या फेरीत रॉस चॅस्टेन दहाव्या क्रमांकावर होते आणि विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जागा मिळवायला दोन गुण कमी पडत होते. त्यांनी गिअर बदलला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबून ठेवला आणि भिंत घासत, वळणात वेग मुळीच कमी न करता पाच गाड्या मागे टाकल्या. लहानपणी गेमक्यूब या खेळयंत्रावरच्या शर्यतीच्या खेळात ही युक्ती केली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. नॅस्कारने पुढच्या हंगामापूर्वी ती बंद केली. मी हे सारे रंगून सांगत असताना काकांनी एकच प्रश्न विचारला, “गाडी कोणाची रे ती?” संघाची, असे सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

माझी स्वतःची गोष्ट त्या मानाने फारच छोटी आहे. माझ्याकडे टेबलाला चिमट्याने बसवलेले मध्यम किमतीचे स्टिअरिंग आणि तीन पेडल आहेत. पाठीला आणि कुल्ल्यांना खऱ्या गाडीत जे आधी कळते, ते इथे कळत नाही. मागची चाके निसटू लागली हे हातातल्या थरथरीवरून आणि टायरच्या आवाजावरून ओळखावे लागते. अमेरिकेतल्या सर्व्हरवर माझा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे मला दिसणारी शेजारची गाडी प्रत्यक्षात तिथे नसते. ती तिथे असेल असा संगणकाचा अंदाज असतो. म्हणून मी कोणाच्याही दाराला दार लावून चालवत नाही. पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये चौथ्या क्रमांकावर असताना दिवे गेले, इन्व्हर्टरने संगणक तगवला, पण राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. तो लावायचे काम मी तीन महिने पुढे ढकलले होते.

राउटर जोडल्यानंतरच्या रविवारी रात्री आभासी डार्लिंग्टनवर शर्यत होती. साउथ कॅरोलायनातली १९५० ची ही धावपट्टी अंड्याच्या आकाराची आहे, कारण जमीन विकणाऱ्याने आपल्या लहान माशांच्या तळ्याला धक्का लागता कामा नये अशी अट घातली होती. म्हणून एका टोकाची वळणे आवळून घ्यावी लागली. तिचे डांबर खरखरीत आहे आणि ते टायर किसून काढते. सुरुवातीलाच तीन गाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या आणि माझा उजवा पाय आपोआप जड झाला. पलंगावर पडलेले काका डोळे न उघडता, नुसत्या आवाजावरून म्हणाले, “सवकास घे रे. टायर खाता तूं.” मी वळणात शिरण्याआधी पाय लवकर उचलू लागलो. विसाव्या फेरीपर्यंत चौदावा होतो. तिसाव्या फेरीनंतर पुढच्या गाड्या एकेक करून भिंतीकडे सरकू लागल्या आणि त्यांच्या आतल्या बाजूने, फारसे काही न करता, मी पुढे जात राहिलो. सातवा आलो.

शर्यत संपल्यावर गॅरेजच्या पडद्यावर प्रत्येक टायरचा उरलेला भाग दिसतो, आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजलेला. काकांनी क्रमांक विचारला नाही. “उजवे पुढचे किती उरले?” असे त्यांनी विचारले. मी तिन्ही आकडे वाचून दाखवले.

“मग फार जपलेस,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले. “अजून दहा फेऱ्या निघाल्या असत्या त्यात.”