भाड्याचे घरचे मैदान

तुरीचे पैसे हातात पडलेले असतात आणि लग्नसराई अजून तोंडावर आलेली नसते, अशा मार्च महिन्याच्या दिवसांत आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात जर्सींचे दुकान लागते. दुकान म्हणजे दोन बांबू, त्यांना ताणून बांधलेली दोरी आणि खाली ताडपत्रीवर ओतलेला ढीग. दोरीवर पिवळा रंग सर्वांत पुढे असतो, कारण पाठीवर ७ हा आकडा असलेली आयपीएलमधल्या चेन्नईच्या संघाची जर्सी मागायला सातवीतला मुलगाही येतो आणि त्याचा बापही येतो. त्यानंतर मुंबईचा निळा, मग बंगळूरूचा लाल, आणि बाकीचे संघ ढिगात. छातीवरच्या कंपन्यांची नावे बहुधा मागच्या हंगामातली असतात आणि त्यांतले एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते, पण त्यावरून घासाघीस करताना मी कोणाला पाहिलेले नाही. घासाघीस होते ती फक्त रंग धुण्यात जाईल की राहील यावर.

या दोरीसमोर उभे राहिले की मला एक प्रश्न नेहमी पडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मुलाने यांतला कोणता रंग आपला म्हणावा, आणि कशाच्या आधारावर? मुंबईचा संघ तो महाराष्ट्राचा संघ, म्हणून तो तुमचाही, असे टीव्हीवरचे समालोचक गृहीत धरून चालतात. परंतु आमच्या गावाहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि मुंबईचे नाव घेतल्यावर आमच्याकडे आपलेपणापेक्षा विकासाच्या अनुशेषाची आठवण अगोदर होते. माणसाच्या मागे जावे म्हटले तर त्याचीही गंमत आहे. नागपूरजवळच्या वलनीच्या खाणवस्तीतून आलेला वेगवान गोलंदाज उमेश यादव हा आमचा हक्काचा माणूस, पण तो आधी दिल्लीकडे होता, मग कोलकात्याकडे, मग बंगळूरूकडे, पुन्हा दिल्लीकडे, पुन्हा कोलकात्याकडे आणि २०२४ साली गुजरातकडे. त्याच्याशी इमान राखणाऱ्या चाहत्याच्या कपाटात निळा, जांभळा, लाल आणि गडद निळा असे रंग जमा झाले असतील, आणि त्यांतला एकही उमेशने स्वतः निवडलेला नाही; लिलावात जो पैसा मोजेल त्याचा रंग अंगावर चढतो.

विदर्भाला स्वतःचा संघ मिळाला नसला तरी ‘घरचे मैदान’ मात्र मिळाले आहे, आणि तेही दुसऱ्यांचे. २०१० साली तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादेत सामने घेणे अवघड झाले, तेव्हा आदल्याच वर्षी विजेता ठरलेल्या डेक्कन चार्जर्सचे काही घरचे सामने नागपूरबाहेर वर्धा मार्गावरच्या जामठ्याच्या मैदानावर आले. आमच्या भागातली पोरे जीप करून गेली, गालांवर रंग फासून घेतले आणि हैदराबादच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडली. दोन वर्षांनी तो संघच मोडीत निघाला. २०१६ साली पंजाबच्या संघाने नागपूर हे आपले दुसरे घर ठरवले होते, पण दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि ते घर राहायला येण्यापूर्वीच सुटले. त्या आदेशाबद्दल माझी तक्रार नाही; ज्या वर्षी टँकरची वाट पाहिली जात होती, त्या वर्षी खेळपट्टीवर पाणी मारणे शोभले नसते. २०१७ साली प्रो कबड्डीत बंगळूरू बुल्सचे घरचे सामने मानकापूरच्या क्रीडासंकुलात झाले. बंगळूरूचे बैल नागपुरात घरचे कसे, हे पोळ्याच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे नव्हते, पण आम्ही तेही मानून घेतले.

हे असे का होते, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. विक्रीच्या वेळी धरलेल्या ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी येतात. या पैशाचा मोठा वाटा सर्व संघांत वाटला जातो. म्हणजे संघाचे घर कोणत्या गावात आहे, स्टेडियमात तिकीट काढून कोण बसले आहे, यावर मालकाची चूल अवलंबून नाही. ती पेटते पडद्यावर पाहणाऱ्यांच्या संख्येवर, आणि त्या संख्येत आमचे गावही धरलेले आहे. राजस्थानचे काही घरचे सामने गुवाहाटीला होतात, दिल्लीचे २०२४ आणि २०२५ साली विशाखापट्टणमला झाले, आणि व्यवहार बिनबोभाट चालतो. गाव बदलले तरी ज्याचे काही बिघडत नाही, त्याच्याकडे चाहत्याने धरून ठेवावे असे एकच उरते, ते म्हणजे रंग.

रंगाची ही ओढ आमच्या पिढीला उशिरा लागली. खेळाडूंना रंगीत कपडे चढवण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातले धनाढ्य माध्यममालक केरी पॅकर यांच्या १९७७ साली सुरू झालेल्या बंडखोर मालिकेतून रुजली, आणि तीही टीव्हीच्या हक्कांवरून झालेल्या भांडणातून. तेव्हा कपड्यांचा रंग हा पहिल्यापासूनच धंद्याचा निर्णय आहे, हे मान्य करायला हवे. विश्वचषकात ते कपडे १९९२ साली आले. त्या वेळी आमच्या गावात जे टीव्ही होते ते कृष्णधवल होते. ऑस्ट्रेलियातले सामने आपल्याकडे पहाटे सुरू होत आणि आम्ही अंगावर चादरी घेऊन बसत असू. ४ मार्चला सिडनीत भारत आणि पाकिस्तान विश्वचषकात प्रथमच समोरासमोर आले, किरण मोरेची नक्कल करत जावेद मियाँदादने उड्या मारल्या, भारत ४३ धावांनी जिंकला, आणि हे सर्व आम्ही करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत पाहिले. भारताचा वेश जवळजवळ काळा दिसे, पाकिस्तानचा त्याहून फिका, आणि समालोचक रंगांचे कौतुक करत तेव्हा आम्ही विश्वासाने माना डोलवत असू. आपला संघ गडद निळ्यात खेळतो, हे मला पुढे तालुक्याला एका सलूनच्या भिंतीवरच्या पोस्टरमुळे कळले. त्या वेशाच्या छातीवर एकही जाहिरात नव्हती.

पुढे छाती भाड्याने गेली. सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन अशी भाडेकरूंची रांग लागली, आणि त्यांतले काही पुढे स्वतःच अडचणीत आले. बायजूजकडे थकलेल्या सुमारे १५८ कोटींसाठी तर क्रिकेट मंडळाला दिवाळखोरी न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. ड्रीम इलेव्हनने २०२३ साली तीन वर्षांसाठी ३५८ कोटी मोजले होते, पण ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि पुढच्याच महिन्यात आशिया चषकात भारतीय संघ छातीवर कोणत्याही प्रायोजकाचे नाव न लावता उतरला. माझ्या मते अलीकडच्या काळातली ती सर्वांत देखणी जर्सी होती. पण तिचे देखणेपण कोणी ठरवून आणलेले नव्हते, नवा भाडेकरू मिळेपर्यंत खोली रिकामी होती इतकेच. लगेचच ५७९ कोटींचा करार करून अपोलो टायर्स आली. निदान हे नाव आमच्या गावात ट्रॅक्टरवाल्यांना तरी अगोदरपासून ठाऊक होते.

छातीवरच्या जाहिरातीवर माझा राग नाही, आणि त्याला कारण आमच्या गावचा टेनिस बॉलचा संघ आहे. कापूस निघून वावरे मोकळी झाली की आसपासच्या गावांत सामने सुरू होतात. मंडपावर भाऊंचा हात जोडलेला फोटो असतो, पहिले बक्षीस एका पक्षाच्या भाऊंकडून आणि दुसरे त्यांच्या विरोधकांकडून असते. आमच्या संघाचा रंग गडद हिरवा आहे. त्यामागे काही थोर विचार नव्हता. पहिल्या वर्षी तालुक्याच्या शिंप्याकडे अकरा अंगांना पुरेल इतका एकच तागा शिल्लक होता आणि तो हिरवा होता. त्यावर कृषी केंद्राच्या मालकांनी कापसाच्या एका बियाण्याचे नाव छापून दिले, आणि बोंडाचे चित्र छातीवर घेऊन आमची पोरे वर्षानुवर्षे खेळली, जिंकली, आणि बहुतेक वेळा हरली. मध्यंतरी ते केंद्र बंद पडले. दुसरे दुकानदार पुढे आले. त्यांनी नवे कापड, नव्या टोप्या आणि येण्याजाण्याचे डिझेल देऊ केले, मात्र त्यांच्या कंपनीचा रंग लाल, तेव्हा जर्सीही लालच हवी अशी अट घातली. मारुतीच्या पारावर बैठक बसली. बराच वेळ कोणी बोलेना, कारण डिझेलचा मोह लहान नव्हता. शेवटी आमचा डावखुरा गोलंदाज, जो एरवी बैठकीत तोंड उघडत नाही, तो म्हणाला, “छातीवर का लिहाचं ते लिहा भाऊ, पन रंग हिरवाच राहीन.” दुकानदार हसले. हिरव्या कापडावर लाल अक्षरे फार वाईट दिसतात, हे त्यांनी दोनदा सांगून पाहिले आणि मग मान्य केले. ती खरोखरच वाईट दिसतात.

माझे म्हणणे त्या गोलंदाजापेक्षा वेगळे नाही. एका ताग्याच्या शिलकीतून आलेला रंग काही वर्षांनी गावाचा होतो, तर मुंबईच्या एखाद्या कचेरीत ठरलेला निळा रंगही चाहत्यांचा होऊ शकतो. अट एवढीच की त्याला तेवढी वर्षे राहू द्यावे. मुंबई आणि चेन्नई यांनी पहिल्या हंगामापासून आपापला रंग सोडला नाही, आणि दोरीवर त्यांचीच जर्सी पुढे असते. याचे श्रेय दोघांच्या पाच-पाच विजेतेपदांनाही आहे, हे खरे. कोलकाता मात्र काळ्यावरून जांभळ्यावर गेले, राजस्थान २०१९ साली निळ्यावरून गुलाबीवर आले, आणि पुण्याच्या दुसऱ्या संघाने दोन वर्षांच्या आयुष्यात नावातले शेवटचे अक्षरही गाळून पाहिले. बंगळूरूचा संघ वर्षातून एक सामना हिरव्या वेशात खेळतो, झाडे लावा असे सांगण्यासाठी. त्याला माझी हरकत नाही, कारण तो पाहुणा रंग दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जातो.

असाच एक पाहुणा २०१९ च्या विश्वचषकात आला होता. यजमान इंग्लंडचा वेशही निळा असल्यामुळे ३० जूनला बर्मिंगहॅमच्या सामन्यात भारताने नारंगी रंग घातला. संत्र्याच्या मुलखात त्या रंगाचे स्वागत होणारच होते. सामन्याच्या आदल्या बाजारात दोरी नारंगी झाली. भारत ३१ धावांनी हरला, साखळीतला तो आपला एकमेव पराभव ठरला, आणि पुढच्या बाजारी त्या ढिगाकडे कोणी फिरकेना. दुकानदाराने भाव पाडत पाडत शेवटी जवळजवळ फुकट माल काढला. तो कोणी घेतला, ते मला दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाल्यावर दिसले. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवरून पुरुषी सदरा चढवतात, कारण वाळलेल्या बोंडांची टोके हात ओरबाडतात. त्या हंगामात एका वावरात तीन-चार नारंगी जर्सी ओळीने पुढे सरकत होत्या, पाठीवर १८ आणि ४५ हे आकडे, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी. अर्ध्या बाह्यांमुळे ओरखडे पुरते चुकत नाहीत, पण कापड फाटत नाही आणि रात्री धुतले तर सकाळी वाळलेले असते, असे त्यांतल्या एका काकूंनी मला सांगितले. जर्सीचे इतके नेमके परीक्षण मी कोणा क्रीडासमीक्षकाकडून ऐकलेले नाही.

अस्सल जर्सी आमच्या बाजारात येत नाही. २०२३ साली आदिदासने भारतीय संघाचा नवा वेश आणला, तेव्हा खेळाडू घालतात तशी जर्सी ४,९९९ रुपयांना होती आणि सर्वांत स्वस्त प्रत ९९९ रुपयांना. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता, म्हणजे सत्तर किलोंहून थोडा अधिक कापूस तोलून द्यावा तेव्हा एक जर्सी हाती यावी. दोरीवरच्या नकली मालाला चोरी म्हणणारे बरोबरच असतील, परंतु हा हिशेब मांडल्यावर मला त्या दुकानदाराला दोष देणे जमत नाही.

सर्वांत विचित्र गोष्ट अशी की ज्या संघाने आम्हाला खरोखर जिंकून दाखवले, त्याची जर्सी या दोरीवर कधीच नसते. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आहे: पहिल्यांदा २०१७-१८ च्या हंगामात, इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकसह दिल्लीला हरवून, लगेच पुढच्या हंगामात सौराष्ट्राविरुद्ध, आणि मग २०२४-२५ मध्ये जामठ्यालाच, केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन. हा संघ भाड्याचा नाही, त्याचे घरचे मैदान खरोखर घरचे आहे. पण रणजी करंडकात तो पांढऱ्या कपड्यांत खेळतो, आणि पांढरा शर्ट विकत घ्यायला जर्सीच्या दुकानात कोण जाईल?

नागपूरचे नाव आयपीएलच्या दारापर्यंत गेलेच नाही असे नाही. २०१५ साली दोन वर्षांसाठी दोन संघ हवे होते, तेव्हाच्या शहरांच्या यादीत ते होते. बोली पुणे आणि राजकोटवर लागली. २०२१ साली लखनऊसाठी ७,०९० कोटी आणि अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी मोजले गेले. पुढेमागे कोणी नागपूरवर पैसा लावलाच, तर जर्सी नारंगी असेल आणि टोपीवर वाघ असेल, यावर मी आजच पैज लावायला तयार आहे. त्यालाही माझी ना नाही. छातीवर सिमेंट येवो, सळई येवो, नाहीतर बियाणे. फक्त तो नारंगी रंग तिसऱ्या वर्षी बदलू नये, आणि दोन-तीन घरचे सामने बाहेर न्यायचेच ठरले तर ते गुवाहाटीला न नेता अमरावतीला न्यावेत. तिथे आम्हाला एसटीने दोन तासांत जाता येते, आणि सामना फार लांबला नाही तर परतीची शेवटची गाडीही मिळते.