टाइम झीरोच्या शोधात एक रात्र

रात्रीचा एक वाजला होता. हॅम्बुर्गला लागून असलेल्या शेनेफेल्डमध्ये, युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रेचे झोत सोडणाऱ्या अवाढव्य यंत्राच्या जमिनीखालच्या हॉलमध्ये, एफएक्सई नावाच्या प्रयोगाच्या स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही चौघं स्क्रीनवरच्या सपाट रेघेकडे बघत बसलो होतो. गेले तीन तास ती तशीच होती.

आमचा नमुना साधाच. लोखंडाचा अणू मध्ये आणि भोवती बायपिरिडिनचे तीन रेणू, पाण्यात विरघळवल्यावर दाट लालभडक. हिरव्या लेझरचा झोत पडला की लोखंडाची स्पिन स्थिती, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, बदलते आणि शेजारच्या नायट्रोजनपासूनचं अंतर सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने वाढतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). हे सगळं काहीशे फेम्टोसेकंदांच्या आत उरकतं; एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. ते पकडायचं तर प्रकाशाचा झोतही तेवढाच आखूड हवा. म्हणून तर ३.४ किलोमीटर लांबीचं हे यंत्र : इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात, अंड्युलेटरच्या चुंबकांमधून नागमोडी जातात आणि १०० फेम्टोसेकंदांहूनही आखूड एक्स-रे पल्स सोडतात.

पण आधी लेझर आणि एक्स-रे नमुन्यावर नेमके एकाच क्षणी पोचायला हवेत. तो क्षण म्हणजे टाइम झीरो. एका फेम्टोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो; केसाच्या जाडीएवढा पल्ला गाठायला त्याला दोनएकशे फेम्टोसेकंद लागतात. पहिला अंदाज फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपवर घ्यायचा, मग जेटच्या, म्हणजे नमुन्याच्या बारीक धारेच्या, जागी सिरियम घातलेला याग नावाच्या पदार्थाचा पातळ स्फटिक ठेवून बारीक शोध. लेझर आधी पोचला तर स्फटिक पारदर्शक, एक्स-रे आधी पोचला तर किंचित काळवंडलेला. लेझरची वेळ मागेपुढे करणारी डिले स्टेज सरकवत या बदलाची पायरी रेघेत शोधायची. १०० पिकोसेकंद मागे, १०० पुढे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद). पायरी कुठेच नव्हती.

"ताई, संध्याकाळचा फोटो बघा ना जरा," आमच्या गटातली पुण्याची पीएचडीची मुलगी म्हणाली. लॉगबुकमध्ये फोटोडायोडचा फोटो होता. त्यात केबल निळी, आखूड. आता हचच्या, म्हणजे प्रयोगाच्या बंद खोलीच्या, कॅमेऱ्यात दिसत होती काळी, वेटोळं करून ठेवलेली.

माझ्या पोटात खड्डा पडला. संध्याकाळी आवराआवर करताना मीच ती बदलली होती आणि लिहून ठेवलं नव्हतं. लेझरची वेळ आखूड केबलवर मोजलेली, एक्स-रेची लांब केबलवर. केबलमधून सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. दोन मीटर जास्त, म्हणजे १० नॅनोसेकंद, म्हणजेच दहा हजार पिकोसेकंद. आम्ही गल्ली पिंजून काढत होतो आणि घर दुसऱ्याच गावात होतं. बीमटाइम, म्हणजे यंत्र वापरायची वेळ, मिळवायला महिनोन्‌महिने वाट बघितलेली. त्यातले तीन तास माझ्यामुळे गेले, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी काही बोललं नाही. लेझर १० नॅनोसेकंद अलीकडे आणला.

दुसऱ्याच स्कॅनमध्ये रेघ खाली वळली.

मग हचमध्ये जाऊन जेट लावला, आत कोणी राहिलं नाही ना हे बघत कोपरान्‌कोपरा फिरून सर्चची बटणं दाबली, दार बंद केलं. जेट दोनदा बुजला, तो सोडवण्यात पाऊण तास गेला. चार वाजून गेल्यावर लोखंडाच्या के-बीटा उत्सर्जनाचा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या ठरावीक एक्स-रेंचा, फरक स्क्रीनवर उमटू लागला. शून्याच्या डावीकडे काहीच नाही, उजवीकडे ताठ चढण. लोखंडाची स्पिन स्थिती बदलल्याची ती खूण आमच्या डोळ्यांदेखत ठिपक्याठिपक्याने उभी राहत होती. एवढी वर्षं पेपरांमध्ये पाहिलेली चढण, पण आपल्या हाताने विरघळवलेल्या लाल द्रावणातून येताना मी ती पहिल्यांदाच पाहत होते. घशाशी काहीतरी आलं.

लॉगबुकात स्टेजचा आकडा लिहिला, आणि खाली केबलचा रंग व लांबीही. सहा वाजता पुन्हा स्कॅन घेतला तर शून्य थोडं सरकलेलं होतं. नवा आकडा लिहिला आणि पुढची बाटली लावायला उठले.